घराच्या पोटातले अंगण

हल्ली खेड्यात नवे घर बांधायचे ठरले की घरधनी आधी तालुक्याच्या गावी जातो आणि नकाशा काढून आणतो. हा नकाशा बहुतेक ठरलेला असतो. जागेच्या मधोमध घर आणि चारी बाजूंनी सोडलेली मोकळी पट्टी. कुणी तीन फूट सोडतो, कुणी चार. समजा, जागा ४० फूट रुंद आणि ५० फूट लांब आहे, म्हणजे दोन गुंठ्यांहून थोडी कमी. चारी अंगांना चार-चार फूट सोडले तर एकूण किती जागा सुटते? शिक्षक मंडळींनी हे गणित मुलांना जरूर घालावे. उत्तर येते ६५६ चौरस फूट. जवळजवळ तिसरा हिस्सा! आणि या तिसऱ्या हिश्शाचा उपयोग काय? त्या बोळकांडीत बाज मावत नाही, म्हैस वळत नाही, पाहुण्याला खुर्ची टाकता येत नाही. मोडकी सायकल, उरलेली वाळू आणि शेजारच्या मोरीचा आवाज, एवढेच तेथे नांदते.

हीच जागा घराच्या पोटात गोळा केली असती तर पंचवीस फूट लांब आणि तितकाच रुंद चौक झाला असता. आपल्याकडे ज्यांची ऐपत होती त्यांच्या पणजोबांनी ती तशीच गोळा केलेली होती. मग ही मधली मोकळी जागा कडेला कधी गेली, का गेली, आणि आज काही जाणते वास्तुकार ती पुन्हा मध्ये का आणू लागले आहेत, ही हकीकत आज सांगायची आहे.

हकीकत फार जुनी आहे. सिंधूकाठचे मोहेंजोदडो हे नगर इसवी सनापूर्वी सुमारे २६०० ते १९०० या काळात भरभराटीत होते. १९२२ च्या सुमारास राखालदास बॅनर्जी यांनी तेथे उत्खनन सुरू केले, आणि १९२४-२५ च्या हंगामात ते काम पाहायला होते आपल्या पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित. त्या नगराच्या एका भागाला त्यांच्या नावाची आद्याक्षरे अजून चिकटलेली आहेत. पुढे ते पुराणवस्तू खात्याचे महासंचालकही झाले. तर या मंडळींना जी घरे सापडली ती कशी होती? रस्त्याच्या बाजूची भिंत जवळजवळ आंधळी. दार बहुधा बोळात. आत शिरले की मोकळा चौक, चौकाभोवती खोल्या, पुष्कळ घरांत विटांनी बांधलेली विहीर आणि उतार दिलेली न्हाणी. न्हाणीचे पाणी भिंतीतून बाहेर पडून रस्त्याच्या झाकलेल्या गटारात जाई आणि गटाराच्या वाटेवर गाळ बसायला खड्डे केलेले असत. चार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याला हे ठाऊक होते. या गाळाच्या खड्ड्याकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

संस्कृतात अशा घराला चतुःशाल म्हणत, चार बाजूंना शाळा म्हणजे दालने असलेले. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहिता लिहिली. तिच्यात वास्तुविद्येचा अध्याय आहे आणि त्यात चतुःशालाचे सर्वतोभद्र, नंद्यावर्त, वर्धमान, स्वस्तिक आणि रुचक असे पाच प्रकार सांगितले आहेत. ओसरी कोणत्या बाजूने फिरवली आणि दार कोठे ठेवले, यावरून हे भेद पडतात. मृच्छकटिक नाटकात वसंतसेनेच्या घराचे एकामागून एक आठ चौक विदूषक डोळे विस्फारून पाहत जातो, हे संस्कृत शिकलेल्यांना आठवत असेल. नाशिकचे आणि अजिंठ्याचे विहार पाहा: मध्ये चौकोनी दालन आणि तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या. मूळ आराखडा चौकाच्या घराचाच. डोंगराच्या पोटात आकाश काही आणता येत नाही, म्हणून मधल्या जागेवर दगडाचे छत राहिले, इतकेच.

आता आपल्या वाड्याकडे येऊ. देशावर 'चौसोपी वाडा' म्हणतात तो हाच. दिंडी दरवाजा, त्याला लागून देवडी, मग चौक, आणि चौकाच्या चारी बाजूंनी सोपे. मोठा वाडा असला की दोन चौक, तीन चौक. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला, त्याला तीन चौक आहेत. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणिसांचा वाडा आहे, तेथेही चौकामागून चौक लागतात. शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला आणि १८२८ च्या आगीत जळाला. आज जोती तेवढी उरली आहेत, पण त्या जोत्यांवरून चालत गेले की कोणता चौक कोठे होता, हे समजू शकते. इतिहासाच्या शिक्षकांनी मुलांना शनिवारवाड्याच्या दरवाजापुढे उभे करून फोटो काढण्यापेक्षा आत नेऊन जोती दाखवावीत, असे मला नेहमी वाटते.

वाड्याच्या चौकात काय चाले? पहिल्या चौकात कारकून, कुळे, हिशेब, तंटे. आतल्या चौकात खरे घर. आड किंवा हौद तेथे, धुणे-भांडी तेथे, धान्य वाळवणे, पापड-कुरडया, बाळंतिणीचे शेकणे, मुलांची आंघोळ, मंगळागौर, भोंडला, मुंज, सगळे तेथेच. उन्हाळ्यात रात्री अंथरुणेही तेथेच पडत. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणले. ते नुसत्या उताराने वाहत येऊन हौदांत पडे आणि काही वाड्यांतून थेट चौकातल्या हौदात. म्हणजे पाणी चौकात आले आणि घरातले सारे काम पाण्यामागे चौकात आले.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. वाड्याचा चौक ही बाग नव्हती. फरसबंदी, मध्ये तुळशीवृंदावन, फार तर कोपऱ्यात एखादा पारिजातक. बाग असे ती मागे परसात. घराच्या मध्यावर बाग फुलवण्याची हौस रोमन लोकांना होती. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई गावातल्या श्रीमंत घरांत खांबांच्या ओळींमध्ये अशा बागा सापडल्या आहेत. इराणातही ती हौस होती. आपला चौक कामाचा होता. जेथे दिवसभर मुसळ चालते आणि धुण्याचे पाणी सांडते, तेथे गुलाब लावून कोणाला परवडणार?

सगळ्या महाराष्ट्रात चौक सारखा नाही. कोकणात तो क्वचित. तेथे घर बाहेर पाहते: पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर. याचे कारण हवेत आहे. पुण्याला वर्षाकाठी २८ इंचांच्या आसपास पाऊस, कोकणात शंभरावर. चारी छपरांचे पाणी मध्ये ओतले तर आषाढात घरात तळे व्हायचे. शिवाय दमट हवेत घरातून आरपार वारा हवा, तो चौकापेक्षा समोरासमोरच्या खिडक्यांनी चांगला येतो. तरी गोव्यात मात्र एवढा पाऊस असूनही जुन्या हिंदू घरांत राजांगण आहे. मध्ये तुळस, भोवती खांब, आणि पाणी जायला दगडी पाट. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेल्या अनेक घराण्यांची घरे हळूहळू रस्त्याकडे तोंड करून बसली. त्यांना पुढे सज्जा आणि बसायचे ओटे आले. घराची बैठक बदलते तेव्हा माणसांचे बाहेरच्या जगाशी नाते बदललेले असते, ते असे.

देशावरच्या कोरड्या हवेत चौक काम कसे करतो, ते थोडक्यात सांगतो. रात्री चौकाची फरशी आणि भोवतीची छपरे आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकतात. थंड झालेली हवा जड असते, ती चौकात उतरून साठते आणि भोवतालच्या सोप्यांत पसरते. सकाळी दहा-अकरापर्यंत घर गार राहते ते या शिदोरीवर. दुपारी डोक्यावर ऊन आले की चौकातली हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला देवडीतून, परसदारातून वारा आत खेचला जातो. यात दोन अटी आहेत. भोवती सावलीचे सोपे हवेत, नाहीतर ऊन थेट भिंतीला लागते. आणि चौकाच्या तोंडावर झाकण नको. हल्ली हौसेने चौक ठेवतात आणि वर प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे घालतात. त्याने पाऊस थांबतो खरा, पण चौकाची भट्टी होते.

येथवर ऐकून कोणाला वाटेल की हे गृहस्थ जुन्याचे गोडवे गात आहेत. तसे नाही. चौक हा घराला हवा देत होता, पण माणसे वेगळी ठेवण्याचेही तेच साधन होते. कोणी देवडीपर्यंत यावे, कोणी पहिल्या चौकापर्यंत, कोणी आत यावे, हे जातीने ठरलेले होते, आणि गावातल्या कित्येकांना दिंडीचा उंबरठाही मोकळा नव्हता. आतल्या चौकात बायकांचे राज्य होते असे म्हणतात. पण त्या राज्याच्या सरहद्दी चार भिंतींच्या होत्या आणि विधवेला बाहेरचे जग म्हणून दिसे तो वरचा आकाशाचा चौकोन. शिवाय चौक होता वतनदाराला, इनामदाराला, सावकाराला. गरिबाचे घर एका खणाचे, त्याचे अंगण म्हणजे रस्ता. तेव्हा जुना वाडा जसाच्या तसा परत आणा, असे म्हणण्यात अर्थ नाही. हवेचे आणि सावलीचे गणित तेवढे त्यातून उचलायचे आहे.

मग हा चौक मोडला कसा? इंग्रज आले तेव्हा त्यांनी लष्करी छावण्यांत बंगला आणला. नाव बंगालातल्या झोपडीचे, घर साहेबाचे. एकरभर आवार, मधोमध घर, भोवती व्हरांडा. मोकळी जागा घराच्या बाहेर आली. पेन्शनीत निघालेल्या आपल्या अधिकाऱ्यांनाही बंगला म्हणजे सुधारणेची खूण वाटू लागली. परंतु एकरभर आवारातल्या बंगल्याची नक्कल दोन गुंठ्यांत केली की बंगला राहतो आणि आवाराची बोळकांडी होते.

दुसरा धक्का दिला प्लेगने. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ पुण्यात. अंधाऱ्या, कोंदट, दाट वस्तीत रोग माजतो, म्हणून १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढायचे आणि घराघरांत अंतर ठेवायचे, हे धोरण आले. गंमत अशी, की त्याच १८९८ साली सीमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे दाखवले होते. ते सर्वमान्य व्हायला मात्र पुढे आणखी काही वर्षे गेली. तोवर कायदा उजेड आणि हवा यांच्या मागे लागलेला होता. त्यात चूक होती असेही म्हणता येत नाही. मुंबईच्या चाळींत आणि शहरातल्या वाड्यांत चौकाच्या जागी पत्र्याच्या खोल्या चढल्या होत्या. तेथे खरोखरच सूर्य दिसत नव्हता. १९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला. पुढे नगरपालिकांच्या नियमांतून 'बाजूला इतके फूट सोडा' ही भाषा घरोघर पोचली. घराला हवा बाहेरून मिळावी, असे नियमाने ठरले. मधूनही ती मिळू शकते, हे हळूहळू विस्मरणात गेले.

त्या काळात एका परदेशी माणसाने मात्र वेगळा सूर लावला. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले, १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि १९१८ मध्ये त्यांनी होळकरांच्या इंदूरसाठी नगररचनेचा मोठा अहवाल लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की जुन्या वस्तीतून नांगर फिरवल्यासारखे रस्ते काढू नका. पडकी घरे तेवढी काढा, बुजलेले चौक मोकळे करा, तेथे झाडे लावा. वस्ती जिवंत राहील आणि खर्चही कमी येईल. इंजिनियर मंडळींना ते फारसे रुचले नाही.

पुण्यातले वाडे दुसऱ्या महायुद्धानंतर फार हालाखीत गेले. एका वाड्यात पंधरा-वीस बिऱ्हाडे, चौकात एकच नळ. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण मालकाला कौले फिरवणेही परवडेना. मग १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी मातीचे वाडे एका दिवसात बसले. त्यांच्या जागी पुढे सिमेंटच्या इमारती आल्या. चौकाच्या जागी मोटारी लावतात.

खेड्यातला धक्का याहून भयंकर होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून माणसे निजलेली होती. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे गेली. तेथली घरे माळवदाची: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचा जड थर. अनेक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र माणसांवर कोसळल्या. त्यानंतर त्या मुलखात दगडाच्या घराची जी धास्ती बसली ती समजण्यासारखी आहे.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली. भूमिहीनांना २५० चौरस फुटांचे घर, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. घरे मजबूत, रस्ते रुंद आणि सरळ. पण जुन्या गावाच्या कित्येक पट जमिनीवर पसरलेल्या या गावांत घर मध्ये आणि मोकळी जागा भोवती, असाच आराखडा होता. धान्य कोठे वाळवायचे, बैल कोठे बांधायचे, बायकांनी आडोशाला कोठे बसायचे, हे त्या आराखड्यात नव्हते. लोकांनी काय केले? मिळालेल्या प्लॉटभोवती कुंपणाच्या भिंती घातल्या, कडेला पत्र्याचे शेड काढले, न्हाणी हलवली, आणि कित्येक घरांत काही वर्षांतच मध्ये एक आडोशाचे अंगण तयार झाले. कुणी शिकवले नव्हते. आमच्या महाविद्यालयात त्या बाजूची मुले येतात; 'आपल्या घराचा नकाशा काढा' म्हटले की ती सरकारी घर कोपऱ्यात काढतात आणि मधले अंगण मोठे. कागदावरची ही मापे चुकीची असतात, पण घर कशाला म्हणायचे ते त्यांना बरोबर कळलेले असते.

आता उलट दिशेचा प्रवास. श्रीलंकेत जेफ्री बावा नावाचे वास्तुकार होऊन गेले. कोलंबोत १९६० ते १९६२ या काळात त्यांनी एना डी सिल्वा या बाईंसाठी घर बांधले. बाई बाटिकचे काम करणाऱ्या, घरात कलाकाम चालायचे. शहरातली जागा फार मोठी नव्हती. शेजारीपाजारी सगळे बंगले, भोवती पट्टी सोडलेले. बावांनी जागेच्या कडेने उंच भिंत घातली, घर भिंतीला टेकवले आणि मोकळी जागा मध्ये गोळा केली. सिंहली घरांत मधल्या अंगणाला 'मेद मिदुल' म्हणतात, तोच धागा त्यांनी उचलला. कौलारू छपरे, खांब, झाड, आणि सगळ्या खोल्या आतल्या अंगणाकडे उघड्या. त्या घराने पुष्कळ वास्तुकारांचे डोळे उघडले. पुढे जागा विकली गेली आणि घर पाडले जाणार अशी वेळ आली, तेव्हा २००९ च्या सुमारास दगड, खांब, दारे यांवर क्रमांक घालून ते उतरवले आणि बावांच्या लुनुगंगा येथल्या बागेच्या आवारात पुन्हा उभे केले. घर पाडणे सगळीकडे चालते; मोजून-मापून हलवलेली घरे थोडी.

आपल्याकडे हे काम गरिबाच्या मापात आणले चार्ल्स कोरिया यांनी. घराणे गोव्याचे, जन्म १९३० चा, कामाचे ठिकाण मुंबई. आकाशाखालची मोकळी जागा ही आपल्या हवेत एक खोलीच आहे, असे ते धरून चालत. वर्षातले कितीतरी महिने, दिवसाच्या काही वेळी, माणूस तेथे राहू शकतो. मग तिचा हिशेब खोल्यांबरोबरच करायला हवा. नव्या मुंबईत बेलापूरला त्यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी वसाहत उभी केली. प्लॉट अवघे ४५ ते ७५ चौरस मीटर. सात घरे एका अंगणाभोवती, अंगण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. अशी तीन अंगणे मिळून एकवीस घरांना त्याहून मोठी मोकळी जागा. शिवाय प्रत्येक घराला स्वतःचे लहानसे आकाश. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे पैसा जमेल तसे प्रत्येकाने आपले घर वाढवावे. लोकांनी ते इतके वाढवले की कित्येक मूळ घरे आज ओळखू येत नाहीत; बैठ्या घरांवर मजले चढले. काही जण याला अपयश म्हणतात. मला तसे वाटत नाही. घरे बदलली तरी सात दारांमधले अंगण राहिले, हे मोठे आहे. आणि त्या अंगणात दिंडी नाही, देवडी नाही.

आता नव्या घराच्या पोटात बाग कशी करावी, हे विचारणाऱ्यांसाठी थोडे. वाड्याच्या चौकात बाग नव्हती, कारण तेथे काम होते. आता नळ मोरीत आला, दळण गिरणीत गेले, गॅसमुळे धूर गेला. चौकातले अर्धे काम उठून गेले आहे. त्या रिकाम्या जागेत आज झाड लावता येते.

मघाचीच जागा घ्या, ४० बाय ५०. नियमाने जेवढे बाजूला सोडलेच पाहिजे तेवढे सोडा. ग्रामपंचायतीत किंवा नगररचना कार्यालयात आधी विचारा, गावठाणात ते कमीही असू शकते. राहील त्यातून मध्ये १२ बाय १५ फुटांचा चौक काढा. घर एकमजली असेल तर एवढ्या चौकात ऊनही येते आणि सावलीही राहते. दुमजली करायचे असेल तर चौक वाढवा, नाहीतर तो विहिरीसारखा होईल. दक्षिण आणि पश्चिम बाजूचे ऊन कडक. त्या बाजूंच्या भिंतींत मोठ्या खिडक्या नकोत. स्वयंपाकघर चौकाला लागून ठेवा. निवडण-टिपण करणाऱ्या बाईला मुलांवर नजर ठेवता येते आणि तिला वर आकाशच नव्हे, समोरचे दारही दिसले पाहिजे. म्हणून पुढच्या दारापासून चौकापर्यंत सरळ रेषा असू द्या.

झाड एकच मोठे लावा. वड, पिंपळ, उंबर, सुबाभूळ नको. त्यांची मुळे पायात शिरतात. पारिजातक चांगला, कढीलिंब चांगला, अनंत, कुंद, एका खांबावर जाई. आंघोळीच्या पाण्यावर केळ आणि अळू. चौक सगळा फरशीने झाकू नका. मधला निम्मा भाग मातीचा ठेवा, म्हणजे पाणी मुरते. कुंड्यांच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका, डास तेथे होतात. चोराची भीती वाटत असेल तर वर लोखंडी जाळी घाला, पत्रा नको.

राहिला पावसाचा प्रश्न, आणि घराचा सगळा बेत यावरच फसतो. चौकाकडे उतरणारे छप्पर ५०० चौरस फूट धरा. एक इंच पाऊस पडला तर एवढ्या छपरावरून सुमारे १,१८० लिटर पाणी चौकात येते, आणि वळवाचा पाऊस तो एक इंच अर्ध्या तासात देतो. एवढे पाणी दोन इंची नळीने जात नाही. निदान सहा इंची नळ घाला, त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या, आणि नळाच्या तोंडाशी दोन फूट खोल गाळाचा खड्डा बांधा, वर जाळीचे झाकण. पानगळ त्यातच अडकते, दर आठवड्याला हाताने काढता येते. पाणी तेथून थेट गटारात सोडण्याऐवजी टाकीत किंवा शोषखड्ड्यात घेतले तर उन्हाळ्यात केळीला पुरते. हा नळ जमिनीखालून, पुढच्या किंवा मागच्या खोलीच्या पोटातून जाणार. तेव्हा गवंड्याला ते जोते भरण्यापूर्वी सांगावे. फरशी बसल्यावर सांगितले तर तो फरशी फोडायचे पैसे वेगळे मागतो, आणि ते मागणे वाजवी असते.